आईची पाठवणी

ताई,
नाव छापू नका. मी म्युनिकला राहते, आठ वर्षं झाली. आई सांगलीची, वय 71. बाबा गेल्यापासून एकटीच असते. अधिक महिना संपायच्या आत जावयाला वाण पोचलं पाहिजे म्हणून 33 अनारसे मोजून डब्यात भरून 11 जूनला आली. आता 6 सप्टेंबरला, रविवारी, परत जाणार. बारा दिवस उरलेत आणि मी आत्तापासूनच कामातून गेले आहे.
दोन वर्षांपूर्वी ती आली होती, तेव्हा जाताना विमानतळावर तिची बॅग 27 किलो भरली. सगळ्यांसमोर जमिनीवर उघडावी लागली. आतून काय निघालं, तर आइस्क्रीमचे रिकामे डबे, जॅमच्या धुतलेल्या बरण्या, चॉकलेटं, क्रीमच्या डब्या. मी ओरडले, "कसला कचरा नेतेस गं हा?" ती काही बोलली नाही. निमूट एकेक काढून माझ्या हातात देत गेली. मग व्हीलचेअरवाला आला आणि तिला घेऊन गेला. तिने मागे वळून बघितलंसुद्धा नाही. ते अजून टोचतं.
या खेपेला तिने आत्ताच बॅग काढलीये. परवा मावशीला फोनवर म्हणत होती, "आता कधी एकदा घरी जाते असं झालंय." मी स्वयंपाकघरातून ऐकलं. रात्री भाजीत मीठ जास्त पडलं यावरून तिच्याशी भांडले. नवरा म्हणतो, विमानतळावर रडारड नको, मी सोडून येतो, तू मुलाला घेऊन घरी थांब. मुलगा पाच वर्षांचा आहे. रोज विचारतो, "आजी अजून किती झोपांनी जाणार?" आणि रात्री माझ्या मनात एकच येतं, की ही शेवटची खेप नसेल ना? हे तिच्याशी बोलावं का? निरोप नीट कसा द्यायचा, सांगाल?

*

अगं,

आधी त्या बॅगेचं बोलू, कारण तुझं अर्धं दुखणं तिथे आहे.

तू ज्यांना कचरा म्हणालीस ते डबे मी चांगले ओळखते. झाकण घट्ट बसतं, आमटी गळत नाही, आणि असे डबे आपल्याकडे मिळत नाहीत असं प्रत्येक आईचं ठाम मत असतं. (मिळतात. याहून चांगले मिळतात. पण ते आईला सांगायला जाऊ नये.) त्यातला एक समोरच्या काकूंना जाणार असतो, एक भजनी मंडळात प्रसाद घेऊन जाणार असतो, आणि दर वेळी डबा पुढे करताना "लेकीकडचा आहे हो" एवढं म्हणायला मिळतं. चॉकलेटं गल्लीतल्या पोरांची. क्रीम कामवाल्या मावशींना, एखादी डबी बँकेतल्या त्या मुलीला, जी पासबुक भरून देते. तीन महिने दाराला कुलूप लावून गेलेली बाई परत येते तेव्हा गल्ली विचारतेच, कशी आहे लेक, काय काय बघितलंस. याचं उत्तर ती 27 किलोंत भरून नेत होती आणि तू ते जमिनीवर उपसलंस.

तुला टोचतंय ते बरोबरच टोचतंय, पण उपाय साधा आहे. हातात धरून बॅग लटकवायचा वजनकाटा आण, दहाएक युरोला मिळतो. निघायच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी दोघींनी मिळून बॅग भरा, मोजा आणि दाराशी उभी करून ठेवा. तिकिटावर 23 किलोची एक बॅग आहे की दोन, ते आजच वाच, गेल्या वेळचं गृहीत धरू नकोस. दोन किलो मोकळे ठेव. निघायच्या दिवशी सकाळी तिला काहीतरी आठवतंच. आणि डबे जाऊ देत. हवं तर अजून दोन धुऊन दे.

आता मीठ.

जाणाऱ्या माणसाशी शेवटच्या आठवड्यात भांडण होतं, हे इतक्या जणींनी मला लिहिलंय की मी त्याला आता भांडण म्हणतच नाही. कुणाचं मिठावरून, कुणाचं गोळ्या वेळेवर न घेण्यावरून, एकीचं तर आईने वॉशिंग मशीनमध्ये मोजे उलटे टाकले यावरून. रडू यायच्या जागी राग येतो, कारण राग आला की हातांना काम मिळतं. भांडी आपटता येतात. रडू आलं तर कुठे बसायचं तेही सुचत नाही. तेव्हा भांडण झालंच तर त्याचं फार मनावर घेऊ नकोस. फक्त त्याच दिवशी, झोपायच्या आधी, तिच्या खोलीत जाऊन पलंगावर बस. माफी मागितलीच पाहिजे असं नाही. पाय दाबून दे. ती "राहू दे गं" म्हणेल आणि पाय पुढे करेल.

पण मीठ हे निमित्त होतं, हे तुलाही माहीत आहे. तुला लागलंय ते मावशीशी बोललेलं वाक्य. "कधी एकदा घरी जाते असं झालंय." तुझ्या पत्रातलं हे मी दोनदा वाचलं.

तुझी आई सांगलीची आहे, त्यामुळे मी एक पैज लावते. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी उठल्याउठल्या ती फोनवर काय बघत होती? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट. चूक असेल तर कळव. सांगलीचा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, पावसाळ्यात त्याच्या डोक्यात एक पट्टी उभी असते, 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 चा पूर ज्यांनी बघितला त्यांना तर ही पट्टी झोपेतही दिसते. तू तिला इझार नदीच्या काठी फिरायला नेलं असशील, बदकं दाखवली असतील, आणि ती त्या निळ्याहिरव्या पाण्याकडे बघत मनात कृष्णेचं पाणी मोजत असेल. घराच्या पहिल्या पायरीपासून ते किती लांब आहे, याचा हिशेब करत असेल. तुझ्याकडे ती सुखात होती, आणि तिचं घर तिकडे होतं. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी असतात.

शिवाय बघ, म्युनिकमध्ये ती कोण आहे? तुझी आई आणि नातवाची आजी. बास. कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत एकटी जाते, बोट दाखवून पाव घेते, "डांके" म्हणते, परत येते. बाकी दिवसभर तुझी वाट बघते. सांगलीत तिला भाजीवाला नावाने ओळखतो. मंडळातल्या बायका तिच्याशिवाय भजनाची पट्टी ठरवत नाहीत. तिथे ती कमरेला पदर खोचून भांडूसुद्धा शकते, जे जर्मनीत तिला तीन महिन्यांत एकदाही करता आलेलं नाही, तुझ्याशी सोडून. आणि आता गणपती तोंडावर आलेत. तुमच्याकडे तर चतुर्थीची वाटही बघत नाहीत, चोर गणपती प्रतिपदेलाच येऊन बसतो. त्याच्या आत घर झाडून पुसून व्हायला हवं. तिला घाई होणारच. ती घाई तुझ्यापासून लांब पळायची नाही.

हे कळूनही थोडं दुखेल. दुखू दे. आपण लहान असताना आजोळहून परत निघताना आपल्यालाही आपल्या घराची ओढ लागायची. तेव्हा आजी गप्प बसायची. आता गप्प बसायची पाळी तुझी आहे.

याच्यापुढे मला खरं काय सांगायचंय ते सांगते. आपल्याकडे निरोपाची सगळी तयारी लेकीसाठी होती. लेक माहेरी यायची, चार दिवस राहायची आणि आई तिची पाठवणी करायची. ओटी भरायची, वेणीत फूल माळायची, शिदोरी बांधायची, गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहायची. कुणी काय करायचं हे ठरलेलं असायचं, म्हणून रडायलाही नीट जागा होती. आईने लेकीकडे तीन महिने राहावं आणि मग लेकीने आईची पाठवणी करावी, हे जुन्या बायकांच्या हिशेबात बसतच नव्हतं. लेकीच्या घरी पाणीसुद्धा न पिणाऱ्या आया मी बघितल्यात. त्यामुळे तुझ्यासमोर याचा नमुनाच नाही. रीत नाही म्हणून मग निरोप होतो तो चेक-इनच्या रांगेत, वजनकाट्यावर.

म्हणून माझं म्हणणं असं, की निरोप विमानतळावर न्यायचाच नाही. तो घरी द्यायचा, रविवारी, बुटं घालायच्या आधी. आंघोळी झाल्या की देवापुढे दिवा लाव. तिच्या हातावर दही घाल, वर साखर. दही तिनेच लावलेलं असेल, त्या 3.5 टक्के फॅटच्या योगर्टपासून विरजण धरून धरून तिने ते आपल्या चवीवर आणलं असणार, सगळ्या आया आणतात. निघताना आपण गणपतीच्या हातावरही दही ठेवतो, ते परत यावं म्हणून. हे घरीच कर. विमानतळाच्या सुरक्षा तपासणीत दह्याची वाटी कोणी आत सोडेलच असं नाही.

आणि ओटी भर.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. बाबा नाहीत, ती घेणार नाही, "मला कशाला आता ओटी" म्हणेल. म्हणू दे. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तुमच्या सांगलीपासून किती लांब आहे? तासाभराचा रस्ता असेल. त्या गावाच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तेच करायला सांगितलं. एका गावाला जे जमलं ते एका फ्लॅटमध्ये जमायला हरकत नाही. तांदूळ घरातलेच घे, नारळ एशियन दुकानात मिळतो, ब्लाउजपीस नसेल तर तो निळा स्कार्फ घे जो तिला आवडला होता आणि जो "नको, महाग आहे" म्हणून तिने परत ठेवला होता. (असा एक स्कार्फ असतोच. प्रत्येक आईचा कुठल्या तरी दुकानात एक राहिलेला असतो.) ती नाही म्हणाली तर पुन्हा एकदा म्हण. तिसऱ्यांदा मात्र आग्रह करू नकोस, तिच्या हातात नुसता नारळ दे. आणि तयारीत राहा, ती तुझीही ओटी भरेल. कोण कुणाची पाठवणी करतंय हे कळणार नाही. ते तसंच बरं.

जावईबापूंचंही एक काम आहे. 33 अनारसे खाल्लेत त्यांनी. त्यांनी वाकून नमस्कार करावा आणि तोंडाने एक वाक्य बोलावं, "आई, तुम्ही होतात म्हणून" असं काहीतरी, पुढचं सुचलं नाही तरी चालेल. "रडारड नको" म्हणणारे नवरे वाईट नसतात. त्यांना आपल्याला रडताना बघवत नाही आणि गाडी चालवायची असते. पण तुला घरी ठेवायचा बेत रद्द. तुम्ही सगळे जा.

आता विमानतळ. माझी गोष्ट सांगते, छोटी आहे.

1994 ची. मी तेव्हा लंडनला हाउन्स्लोत राहायचे, विमानं डोक्यावरून जायची. आई पहिल्यांदाच आली होती, परत निघाली. मी गाडी टर्मिनलच्या दाराशी थांबवली, बॅगा उतरवून दिल्या. ती म्हणाली, "आत येतेस ना?" मी म्हटलं, "आई, पार्किंगला पाच पौंड घेतात गं." तिने लगेच बोटांवर हिशेब केला, अडीचशे रुपये होतात म्हणाली, आणि मलाच ढकलायला लागली, "जा जा, काही नको यायला, मी जाते." मी गेले. पुढच्या सिग्नलला रडायला लागले आणि मागच्याने हॉर्न वाजवला.

ती काही आमची शेवटची भेट नव्हती. आई त्यानंतर 17 वर्षं होती, आम्ही भरपूर भेटलो, भरपूर भांडलो. पण ते पाच पौंड माझ्या मनातून जाईनात. शेवटी एकदा, ती ऐंशीच्या घरात असताना, मी विषय काढला. म्हटलं, आई, त्या दिवशी मी आत आले नाही. तिला काही आठवेना. पार्किंग आठवेना, दार आठवेना. मग एकदम म्हणाली, "तेव्हा तू दशम्या दिल्या होत्यास ना? मऊ होत्या हो. शेजारच्या पंजाबी बाईंनीसुद्धा मागून घेतली एक."

तेव्हा तुझ्या आईने मागे वळून बघितलं नाही, याचा अर्थ तू दोन वर्षं एकटीनेच लावत बसली आहेस. व्हीलचेअरचं तोंड पुढे असतं, ढकलणारा घाईत असतो, आणि सत्तरीच्या आसपास मान तेवढी वळत नाही. शिवाय निघालेल्याने मागे बघू नये, मागून हाक मारू नये, हे आपल्याच बायकांनी आपल्याला शिकवलंय. कदाचित ती डोळे पुसत असेल. कदाचित पासपोर्ट पिशवीच्या कुठल्या कप्प्यात आहे ते चाचपत असेल. तिलाच विचार. चहा पिताना विचार, गंभीर चेहरा न करता.

व्हीलचेअरवरून आठवलं. ती घेणं चांगलंच आहे, गुडघे ठीक असले तरी. भाषा येत नसताना त्या लांबलचक वाटा, पासपोर्टची खिडकी, गेट बदलणं, सगळ्यात सोबत मिळते. युरोपात निघण्याच्या किमान 48 तास आधी विमान कंपनीला कळवायचं असतं, पैसे पडत नाहीत. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. व्हीलचेअर आली की ती तुमची वेळ बघत नाही. काउंटरवर बॅग दिली, बोर्डिंग पास मिळाला, माणूस आला, "रेडी?" म्हणाला आणि चालायला लागला. तुझ्या मनात जे बोलायचं होतं ते तिथेच राहतं. गेल्या खेपेला हेच झालं. म्हणून मिठी, नमस्कार, फोटो, जे काही असेल ते काउंटरच्या रांगेत लागायच्या आधी करून घ्या. नंतर जेवढी मिनिटं मिळतील ती वरकड.

तिथे काय बोलायचं? फार नाही. ती "येते" म्हणेल. आपण जाते म्हणत नाही, येते म्हणतो. गंमत म्हणजे तुझ्या शेजारपाजारचे जर्मनही तेच म्हणतात. "आउफ वीडरझेहेन" म्हणजे पुन्हा दिसू तोवर. तुझा लेक मात्र "च्युस" म्हणून मोकळा होईल, त्याला म्हणू दे.

लेकाला नक्की ने. आजी तो झोपेत असताना गुपचूप गेली, असं अजिबात होता कामा नये. मुलं मग झोपायलाच घाबरतात, उठल्यावर अजून कोण गेलं असेल म्हणून. त्याचं ते "किती झोपांनी" मला फार आवडलं. जर्मन पोरं असंच मोजतात ना? मराठीत बोलतोय आणि मोजतोय जर्मन. त्याला कागदाच्या पट्ट्यांची साखळी करून दे, जेवढ्या झोपा तेवढ्या कड्या, रोज रात्री आजीसमोर एक कडी फाडायची. विमानतळावर त्याला काम दे. लिफ्टचं बटण त्याने दाबायचं, आजीचा बोर्डिंग पास त्याने धरायचा. आजीने तीन महिने त्याच्याबरोबर रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकल्या असतील, एकदाच वापरायच्या दर बाटलीला अनामतीचे 25 सेंट परत. त्या पावत्यांचे पैसे साठवून त्याला आजीसाठी काहीतरी घेऊ दे. कितीही भिकार वस्तू निवडली तरी ती बॅगेत जाईल, त्यासाठीच दोन किलो ठेवले आहेत. सोमवारी किटातल्या, म्हणजे त्याच्या बालवाडीतल्या, बाईंना सांगून ठेव, की आजी काल गेली. तो दिवसभर कुणाला तरी चावेल किंवा अगदी शहाण्यासारखा वागेल, दोन्हीचा अर्थ एकच.

आता ते रात्रीचं. शेवटची खेप.

बोल. पण विमानतळावर नाही, आणि शेवटच्या रात्रीही नाही. येत्या शनिवारी तिला नदीवर ने, बाकावर बसा, थर्मासमध्ये चहा घे. मग विचार. मला भीती वाटते, एवढंच म्हटलंस तरी ती समजेल, कारण याचा विचार तिने तुझ्या आधी आणि तुझ्याहून जास्त केलेला असतो. बहुतेक आया अशा वेळी अगदी कोरडं बोलतात. किल्ली कुणाकडे, फाइल कुठल्या कपाटात, कुठल्या डॉक्टरांना बोलवायचं, आधी फोन कुणाला करायचा. लिहून घे, फोनमध्ये नाही, कागदावर, आणि त्याची एक प्रत तिच्या शेजाऱ्यांना पाठव.

आणि परदेशात राहणारी आपली माणसं जे टाळतात तो प्रश्नही विचार. "काही झालं तर मी पोचेपर्यंत थांबायचं का?" हा प्रश्न ऐन वेळी कुणा मामाला, कुणा चुलतभावाला फोनवर ठरवावा लागतो, आणि जो ठरवतो त्याच्यावर नंतर सगळे रुसतात. म्युनिकहून मुंबई आठ तास, पुढे सांगली तितकेच, मध्ये तिकीट मिळण्याचा वेळ वेगळा. ती कदाचित म्हणेल, थांबा. कदाचित म्हणेल, थांबू नका, मला फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. माझी आई असंच म्हणाली होती आणि आम्ही दोघी हसलो होतो, बसमध्ये. उत्तर काहीही आलं तरी ते तिचं असेल आणि तुझ्याकडे असेल.

हे बोलून झालं की लगेच दुसरं काम. पुढच्या भेटीचा महिना ठरवा. "लवकर भेटू" म्हणू नकोस, त्याला तारीख नसते. तिला शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून असलेल्या व्हिसावर, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आल्याचा आणि गेल्याचा दिवस धरून. 6 सप्टेंबर तिचा अठ्ठ्याऐंशीवा दिवस. म्हणजे डिसेंबर उजाडेपर्यंत तिला यायचं म्हटलं तरी येता येणार नाही, आणि आता सीमेवर बोटांचे ठसे तपासून मशीनच दिवस मोजायला लागलंय, तिथे विनवण्या चालत नाहीत. शिवाय डिसेंबरात साडेचारला अंधार पडणाऱ्या गावात तिला कशाला आणतेस? तू जा. नाताळच्या सुट्टीत, लेकाला घेऊन. तिच्या गल्लीत तिने वाटलेल्या डब्यांचं काय झालं ते बघून ये. तिकीट ती जायच्या आधी काढ आणि तिच्या पर्समध्ये छापून ठेव. व्हीलचेअरवर बसल्यावर चाचपायला काहीतरी हवं.

ती गेल्यावरचं थोडक्यात. गेलेल्याच्या मागे लगेच केर काढू नये म्हणतात. त्या दिवशी रविवार आहे, म्युनिकमध्ये रविवारी व्हॅक्यूम लावलास तर खालची म्हातारी दार वाजवेल, म्हणजे तुझी आजी आणि जर्मन शेजार एकाच पक्षात आहेत. तेव्हा काही आवरू नकोस. चादर दोन दिवस राहू दे. त्या खोलीत जाववत नसेल तर मुलाला आत खेळू दे, खोली आपोआप तुमची होईल. "पोचले" असे दोन फोन येतील, एक मुंबईहून, एक सांगलीहून. दुसरा येईपर्यंत तिला पोचली म्हणायचं नाही.

रोजच्या फोनची वेळ आत्ताच ठरवा. सध्या साडेतीन तासांचा फरक आहे, ऑक्टोबर संपताना तो साडेचार होईल. तू ऑफिसातून घरी येऊन रात्री फोन करशील तर तोवर तिचे डोळे मिटलेले असतील, आणि ती तरीही जागून उचलेल आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसेल. दुपारी तुझ्या जेवणाच्या सुट्टीत कर. तिकडे तिचा चहा झालेला असतो. पाच मिनिटं पुरतात. ती बहुधा तुला पहिल्यांदा विचारेल ते विरजणाचं, लावतेस ना म्हणून. लावत नसशील तर खोटं सांग आणि संध्याकाळी लाव.

तुझी ताई

ता. क. रविवारी गाडी पार्किंगमध्ये लावायची. दाराशी उतरवून निघायचं नाही. जे काही युरो होतील ते होऊ देत, आणि किती झाले हे आईला सांगायचं नाही.